सेल भरणारा चार्जर कसा निवडावा?
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां फार लहान वाटेल. पुन्हा पुन्हा भरतां येणारे विजेचे सेल आणि ते भरणारा चार्जर, एवढाच तो विषय. दुकानांत चार्जर हवे तितके मिळतात. त्यांतला एखादा आणावा, प्लगांत खोंचावा आणि मोकळें व्हावें, ह्यांत समजून घेण्यासारखें तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या गांवांत वीज केव्हां जाईल आणि केव्हां येईल ह्याचा नेम नाहीं, तेथें हा लहानसा विषय एकाएकीं मोठा होऊन बसतो.

नागांवाचेंच उदाहरण घेऊं. अलिबागेच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या वाटेवर, समुद्राला लागून हें अष्टागरांतलें गांव वसलें आहे. नारळी-पोफळींच्या दाट वाड्या, वाडीच्या पोटांत घर, आणि झाडांच्या गर्दींतून ओढलेल्या विजेच्या तारा. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें पोफळी आडव्या झाल्या, खांब मोडले, तारा तुटल्या. आणि रायगड जिल्ह्यांतल्या कित्येक गांवांनीं दिवसच नव्हे, तर आठवडेच्या आठवडे विजेवांचून काढले. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळ ह्याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें. अशा दिवसांत रात्रीं वाडींतून विहिरीपर्यंत जाणाऱ्याला साप-किरडूं दिसलें पाहिजे, आजाऱ्याच्या उशाशीं उजेड पाहिजे, आणि बातमी ऐकण्यापुरता रेडिओ चालला पाहिजे. ह्या तिन्ही गोष्टी अखेर कशावर येऊन ठेपतात? चार-दोन सेलांवर, आणि ते सेल नीट भरलेले आहेत कीं नाहींत, ह्यावर. म्हणून चार्जराची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

प्रथम सेलांच्या जाती ध्यानांत घेऊं. आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हटलें कीं हातांतली विजेरीच डोळ्यांपुढें येते. शास्त्रीय भाषेंत मात्र बॅटरी म्हणजे एकत्र जोडलेले सेल. सेल मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला प्रकार एकदां वापरून टाकण्याचा. जस्ताचे साधे सेल व अल्कलाइन सेल हे त्यांतले. हे चार्जरांत घालूं नयेत. आंतला रासायनिक व्यवहार उलट फिरविण्यासाठीं ते बनविलेलेच नसतात. भरूं गेल्यास आंत वायु साठतो, सेल गळतो, आणि प्रसंगीं फुटतो. दुसरा प्रकार पुन्हा भरतां येणाऱ्यांचा. गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांचा असा पहिला संचय तयार केला. इन्व्हर्टरखालीं जी जड बॅटरी असते, ती त्याचीच वंशज. १८९९ सालीं स्वीडनमध्यें वाल्डेमार युंगनर ह्यानें निकेल-कॅडमियम सेल शोधला. कॅडमियम विषारी असल्यामुळें त्याची जागा पुढें निकेल-मेटल हायड्राइड सेलानें घेतली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन सेल बाजारांत आणला, आणि ह्या सेलाचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. त्याचा चार्जर त्याच्याच पोटांत असतो. आपल्या हातांत खेळणारे सेल दोन घराण्यांचे: निकेलचे आणि लिथियमचे. निकेलचा सेल १.२ व्होल्टांचा. पेन्सिल सेल आणि त्याहून बारीक, रिमोटमध्यें बसणारा सेल, ह्या दोन मापांत तो विशेष मिळतो. लिथियम-आयन सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टांचा. नव्या झगझगीत विजेऱ्यांत असतो त्या जाड सेलावर ‘१८६५०’ असा आंकडा आढळतो. तो त्याचें माप सांगतो, व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. दोन्ही घराण्यांचे सेल एकाच चार्जरांत भरतां यावेत, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ‘सगळे सेल बसतात’ आणि ‘सगळे सेल नीट भरतात’ ह्या दोन वाक्यांत फार मोठें अंतर आहे. खण स्प्रिंगचा केला कीं कोणताही सेल बसेल. खरा प्रश्न, थांबावयाचें केव्हां हें त्या चार्जराला कळतें कीं नाहीं, हा आहे.

सेल भरला, हें कळतें तरी कसें? ह्या बाबतींत दोन घराण्यांची रीत भिन्न आहे. निकेलचा सेल भरत असतां त्याचा विद्युत्-दाब हळूहळू चढत जातो. सेल पुरा भरला म्हणजे पुढें येणारी वीज सांठत नाहीं. तिची उष्णता होते. सेल कोमट होतो, आणि चढत असलेला दाब उलट किंचित् उतरतो. ही उतरण किती? एका व्होल्टाचे हजार भाग केले, तर त्यांतले चार-पांच. एवढी बारीक खूण जो टिपतो, तोच निकेलच्या सेलाला योग्य चार्जर. लिथियमचें तसें नाहीं. त्याला कांठोकांठ भरून सांडण्याची मोकळीक नाहीं. दाब ४.२ व्होल्टांस पोंचेपर्यंत प्रवाह एकसारखा द्यावयाचा. मग दाब तेथेंच धरून ठेवून प्रवाह आपोआप कमी होऊं द्यावयाचा. आणि तो मूळच्या सुमारें दहाव्या हिश्शावर आला कीं पुरवठा बंद करावयाचा. रांजण भरत आला कीं आपण घागर ठेवून तांब्यानें पाणी घालतों, तसेंच हें. ४.२ व्होल्टांपलीकडे सेलाला रेटलें, तर आंत धातुरूप लिथियमचा थर सांचूं लागतो, सेल तापतो, फुगतो, आणि पेटही घेऊं शकतो.

आतां स्वस्त चार्जर काय करतो तें पाहा. तो सेलाकडे पाहत नाहीं, घड्याळाकडे पाहतो. समजा, त्यांत दहा तासांचें घड्याळ आहे आणि तो अडीचशें मिलिअँपिअरचा प्रवाह देतो. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा रिकामा पेन्सिल सेल ह्या हिशेबानें ठीक भरेल. वाटेंतली घट धरली तरी पुरेल. पण रात्रीं दहा वाजतां सेल लावले, पहांटे चार वाजतां वीज गेली आणि पांच वाजतां आली, तर काय होतें? ह्यांतल्या पुष्कळ चार्जरांचें घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतें. सहा तास आधीं झालेले, त्यांत आणखी दहा. म्हणजे दोन हजारांच्या सेलांत चार हजार कोंबण्याचा उद्योग. जेथें वीज दिवसांतून तीनदां लपंडाव खेळते, तेथें असा चार्जर सेल भरीत नाहीं, सेल शिजवितो. चार-सहा महिन्यांत सेल निकामी होतात, आणि ‘हे भरण्याचे सेल टिकतच नाहींत’ असा दोष बिचाऱ्या सेलांस लागतो. उलट सेलाकडे पाहणारा चार्जर वीज परत आल्यावर सेल पुन्हा तपासतो. भरलेला असल्यास थोड्याच वेळांत त्याला दाबाची ती उतरण दिसते, आणि तो थांबतो. घड्याळ अशा चार्जरांतही असतें, पण तें कारभारी म्हणून नव्हे, राखणदार म्हणून.

ह्यावरून निवडीची पहिली कसोटी निघते: चार्जर प्रत्येक सेलाची भरती स्वतः ओळखून थांबणारा असावा. दुसरी कसोटी हिच्याच पोटांतली आहे. प्रत्येक खण स्वतंत्र असावा. पुष्कळ चार्जरांत सेल दोन-दोनच लावावे लागतात, कारण आंत त्यांची जोडणी एकसरीं केलेली असते. दोन सेल कधींही अगदीं सारखे रिकामे झालेले नसतात. जोडींतला एक आधीं भरतो आणि तापत राहतो. दुसरा अर्धवट राहतो. ओळखण्याची युक्ति सोपी आहे. एकच सेल लावून पाहावा. एकट्यावर दिवा लागला आणि प्रत्येक खणाला आपापला दिवा किंवा आंकडा असला, तर खण स्वतंत्र आहेत असें बहुधा समजावें.

तिसरी कसोटी प्रवाहाच्या निवडीची. रिमोटचा बारीक सेल सुमारें आठशें मिलिअँपिअर-तासांचा. विजेरीचा जाड सेल तीन हजारांचा. दोघांना एकाच मापानें वाढणें म्हणजे तान्ह्या पोराला आणि नांगऱ्याला सारखींच भाकरी घालण्यासारखें आहे. सर्वसाधारण नियम असा: सेलावर जितके मिलिअँपिअर-तास लिहिले असतील, त्यांच्या निम्म्या आंकड्याइतका प्रवाह द्यावा. आठशेंच्या सेलाला चारशें, दोन हजारांच्या सेलाला हजार. ‘सावकाश भरलेलें बरें’ ही आपली समजूत लिथियमच्या बाबतींत बव्हंशीं खरी आहे. निकेलच्या बाबतींत मात्र ती पुरती खरी नाहीं. प्रवाह फारच मंद असला, तर भरतीच्या वेळीं दाबाची उतरण इतकी पुसट होते कीं चांगल्या चार्जरालाही ती दिसत नाहीं. तेव्हां निकेलच्या सेलाला फार घाईही नको आणि फार दिरंगाईही नको.

चौथी कसोटी ओळखीची. दोन्ही घराण्यांचे सेल घेणारा चार्जर सेल लावतांच त्याचा दाब मोजतो; दाब दोन व्होल्टांच्या खालीं असला तर निकेल, वर असला तर लिथियम, असा साधारणपणें निवाडा करतो. ही सोय उत्तम आहे, परंतु तिच्यावर डोळे मिटून विसंबूं नये. लिथियमचा सेल अगदींच पिळून काढला असेल, तर त्याचा दाब निकेलच्या पंक्तीस येऊन बसतो, आणि चार्जर फसूं शकतो. असा सेल अडीच व्होल्टांच्या बराच खालीं कित्येक दिवस राहिला असल्यास आंतून बिघडलेला असतो. त्याचा मोह सोडावा. शिवाय लिथियम-लोह-फॉस्फेट नांवाची एक पोटजात आहे. तिचा सेल ३.२ व्होल्टांचा आणि त्याची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्टांची. दिसण्यांत तो भावंडांसारखाच; पण त्याला ४.२ पर्यंत चढविलें तर त्याचें नुकसान ठरलेलें. असे सेल वापरावयाचे असतील, तर जात हातानें निवडतां येईल असाच चार्जर घ्यावा.

याहूनही फसवी जोडी पेन्सिल सेलाची. ‘१४५००’ असा आंकडा असलेला लिथियम सेल बाहेरून हुबेहूब पेन्सिल सेलासारखा असतो. परंतु त्याचा दाब तिपटीच्या घरांत. तो घरांतल्या डब्यांत इतर पेन्सिल सेलांबरोबर मिसळला, तर आधीं रेडिओचें नुकसान होईल, आणि केवळ निकेलसाठीं केलेल्या साध्या चार्जरांत गेला तर त्याहून वाईट. म्हणून घरांत दोन डबे ठेवावेत, एक निकेलचा व एक लिथियमचा, आणि त्यांवर ठळक अक्षरांत नांवें घालावींत. मुलें आणि म्हातारीं माणसें डब्यावरचें वाचतील. सेलावरचें बारीक अक्षर वाचणार नाहींत.

पांचवी कसोटी, वीज नसतांना हा चार्जर कशावर चालेल? भिंतींतल्या प्लगावरच चालणारा चार्जर वादळानंतर निरुपयोगी. पांच व्होल्टांच्या यू.एस.बी. तारेवर चालणारा असला, तर त्याला मोटार चालते, सूर्यपत्र चालतें, पॉवर बँक चालते, इन्व्हर्टर तर चालतोच. येथें थोडें गणित करूं. एका घराची निकड अशी धरूं: रेडिओसाठीं दोन पेन्सिल सेल, डोक्याला बांधण्याच्या दिव्यासाठीं तीन बारीक सेल, आणि मोठ्या विजेरीसाठीं एक जाड लिथियम सेल. पेन्सिल सेलाची शक्ति सुमारें २.४ वॉट-तास, बारीक सेलाची एकाच्या आंत, आणि जाड सेलाची सुमारें ११. एकंदर बेरीज १८ ते १९ वॉट-तास. भरतांना होणारी घट धरून तीस समजा. इन्व्हर्टरची बारा व्होल्टांची, दीडशें अँपिअर-तासांची बॅटरी १,८०० वॉट-तासांची. म्हणजे ह्या सगळ्या सेलांना तिच्यांतला साठावा हिस्सा पुरे! पंखा बंद ठेवून आधीं सेल भरून घेतले, तर तेवढ्या विजेंत कित्येक रात्रींचा उजेड साधतो. वीस वॉटांचें सूर्यपत्र स्वच्छ उन्हांत हेंच काम दोन-तीन तासांत करील. मात्र आषाढांतल्या गच्च ढगाळ दिवशीं त्याच्याकडून दहाव्या हिश्शाचीही खात्री धरूं नये. म्हणून पावसाळ्यांत सूर्यपत्र हा जोड, मुख्य आधार नव्हे.

तारेवर चालणाऱ्या चार्जराविषयीं एक खुलासा केला पाहिजे. पेटीवर ‘चार खण, प्रत्येकीं एक अँपिअर’ असें छापलेलें असतें. परंतु पांच व्होल्ट, दोन अँपिअरचा पुरवठा म्हणजे सगळे मिळून दहा वॉट. आणि चार लिथियम सेलांना एकेक अँपिअर द्यावयाचा, तर सोळा वॉटांहून अधिक लागतात. मग चार्जर प्रवाह वांटून देतो आणि वेळ लांबतो. ह्यांत लबाडी नाहीं, पण खरेदी करतांना किती वॉटांचा पुरवठा लागतो तें विचारावें.

लबाडी असते ती सेलांच्या आंकड्यांत. १८६५० मापाच्या सेलावर ‘९९००’ असा आंकडा छापलेला दिसला, तर तो सेल न घेतां दुकानाची पायरी उतरावी. ह्या मापांत चांगल्या कारखान्यांचे सेल साडेतीन हजारांच्या आसपासचे असतात. पेन्सिल मापांत निकेलचे उत्तम सेल दोन हजार ते सत्तावीसशेंपर्यंत. येथेंच चांगल्या चार्जराचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. सेल पुरा भरून, पुन्हा रिकामा करून, त्यांत खरोखर किती सांठतें हें कांहीं चार्जर आंकड्यांत दाखवितात. हा सोनाराचा कांटाच समजा. नवा सेल आणल्याबरोबर तोलावा, आणि जुने सेल वर्षांतून एकदां तोलावेत; छापलेल्या आंकड्याच्या निम्म्यावर जो आला, त्याला अडचणीच्या कामांतून निवृत्त करावें. भारतांत विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलांस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते, आय.एस. १६०४६ हा मानक-क्रमांक आणि ‘आर’ अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक सेलावर किंवा वेष्टनावर पाहून घ्यावा.

येणेंप्रमाणें चार्जर निवडला, तरी किनाऱ्यावर त्याची निगा निराळी राखावी लागते. खाऱ्या हवेनें स्प्रिंगा गंजतात, पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, आणि गंजलेल्या सांध्यामुळें चार्जराचें मोजमापच चुकतें. वापर नसतां चार्जर झांकणाच्या डब्यांत ठेवावा व सांधे कोरड्या फडक्यानें पुसावेत. पत्र्याच्या पडवींत मे महिन्याच्या दुपारीं सेल भरूं नयेत. भोंवतालची हवा पंचेचाळीस अंशांवर गेली, तर लिथियमची भरती धोक्याची. गादीवर, गवतावर, झावळ्यांच्या भाऱ्याजवळ चार्जर ठेवूं नये, लादीवर ठेवावा. लिथियमचे सेल घर निजलें असतां भरीत ठेवूं नयेत. फुगलेला सेल किंवा वेष्टन फाटलेला सेल चार्जरांत घालूंच नये. लिथियम सेलाचें सारें पत्र्याचें अंग ऋण अग्राचें असतें, आणि तें धन टोंकाच्या कडेपर्यंत आलेलें असतें. वेष्टन फाटलें कीं दोन्ही अग्रें भिडण्यास निमित्तच हवें. खिशांत किल्ल्या आणि सुटे पैसे ह्यांच्या संगतींत असा सेल कधींही टाकूं नये.

मेलेले सेल वाडींतल्या पातेऱ्याबरोबर जाळूं नयेत, खड्ड्यांत पुरूं नयेत, कीं विहिरीकांठीं फेंकूं नयेत. ज्या विहिरीचें पाणी आपण पितों व शिंपतों, तिच्यांतच त्यांतलें विष उतरेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वयें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; तेव्हां ते सांठवून अलिबागेस किंवा मुंबईस जातांना संकलनाच्या ठिकाणीं द्यावेत.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. भिंतीवरचें घड्याळ आणि रिमोट ह्यांना फार थोडी वीज लागते. तेथें साधे सेल वर्ष वर्ष चालतात, भरण्याच्या सेलांची तेथें गरज नाहीं. भरण्याचे सेल रोजच्या राबत्या वस्तूंसाठीं. आणि अडीअडचणीसाठीं राखून ठेवावयाचे निकेलचे सेल ‘कमी झिरपणारे’ घ्यावेत. २००५ सालीं सान्यो कंपनीनें आणलेल्या ह्या प्रकारांत वर्षभर पडून राहिल्यावरही बहुतेक वीज शिल्लक राहते. जुन्या तऱ्हेचे सेल महिन्याभरांतच बरेच ओसरतात. लिथियमचे सेल मात्र एरवीं निम्मे भरून ठेवले म्हणजे अधिक टिकतात, आणि वादळाची सूचना ऐकतांच पुरे भरून घ्यावेत.

कोंकणांत मृगापूर्वीं आगोटीची बेगमी करण्याची रीत जुनी आहे. सरपण पडवींत येतें, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, कौलें चाळून होतात. त्याच यादींत आतां आणखी एक ओळ लिहावी: मेच्या अखेरीस सगळे सेल तोलणें, भरणें, आणि दोन डब्यांत वेगळे ठेवणें. चार्जर विकत घेतांना दुकानदाराला तो किती तऱ्हेचे सेल घेतो हें अवश्य विचारावें. पण त्याआधीं, सेल भरला म्हणजे हा स्वतः थांबतो का, आणि वीज जाऊन परत आल्यावर काय करतो, हे दोन प्रश्न विचारावेत. ह्या दोहोंचें उत्तर ज्याला देतां येईल, त्याच्याच दुकानांतून तो घ्यावा.